बाबांची होडी

काळी नदीच्या काठी घरात होडी असणे ही कधी श्रीमंतीची खूण नव्हती. कुणाच्या दारात बैलगाडी असावी, तशी आमच्या मांगरात होडी होती. 1980 च्या दशकात सदाशिवगड आणि कोडीबागेला जोडणारा पूल झाला, कारवारला जायला तरीची वाट पाहणे संपले, आणि काठावरच्या कितीतरी होड्या हळूहळू जळणात गेल्या. आमची राहिली ती बाबांच्या हट्टामुळे. ते गेल्यावर मात्र दहा वर्षे ती मांगरात पालथी पडून होती.

तिची पुन्हा गरज पडली ती माडांसाठी. खाडीपल्याड आमची चौदा माडांची जागा आहे. होडीने दहा मिनिटे, रस्त्याने सतरा किलोमीटरचा वळसा. रिक्षाने नारळ आणायचे तर भाडेच नारळ खाऊन टाकते. हुबळीहून दादांचा फोन आला, "विकून टाक ती जागा. होडीवर पैसा घालणं म्हणजे पाण्यात घालणं." मी म्हटले, "दादा, माझ्या पेन्शनीतले 12,000 रुपये आहेत. तेवढ्यात होडी तरली नाही, तर तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करीन."

गावातले मेस्त सत्तरीचे. ते कोकणीतून बोलतात, मी मराठीतून, आणि हिशेब लिहिला जातो दुकानातल्या कानडी पावतीच्या पाठीवर. आमच्याकडे यात कुणाला काही वेगळे वाटत नाही. मेस्तांनी आल्याआल्या हातात करवत घेतली नाही, दाभण घेतली. फळीफळीला टोचत गेले. जिथे दाभण अडली तिथे लाकूड जिवंत, जिथे लोण्यात जावी तशी गेली तिथे खडूची फुली. गंमत अशी, की फुल्या तळाला थोड्या आणि वरच्या काठाला जास्त होत्या. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडाला लवकर कुजवते. मांगराचे छप्पर गळत होते, ते नेमके तिथेच. खाऱ्या पाण्यातला शत्रू निराळा, लाकूड पोखरणारा किडा. त्यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे काम झाले की होडी काठावर ओढून वाळू देणे. बाबा ते रोज करीत. तळ वाचला होता तो त्यामुळे.

दोन फळ्या आणि तीन वांक बदलायचे ठरले. जुने लोखंडी खिळे गंजले होते, आणि गंजाने भोवतालचे लाकूडही काळे पडून भुसभुशीत झाले होते. तिथे जस्त चढवलेले नवे खिळे, तेही जुन्या भोकात न मारता बाजूला. फळ्या बसल्या, तशी मी फटी बुजवायची घाई केली. मेस्त म्हणाले, "मास्तर, पयलीं तिका उदाक पिवंक दियात." सुकलेल्या होडीच्या फटी गच्च भरल्या, की पाण्यात फळ्या फुगतात, त्यांना सरकायला जागा उरत नाही आणि खिळे उपटतात. म्हणून तीन दिवस ओली पोती पांघरून, पाणी शिंपडत होडी ठेवली. अर्ध्या फटी आपोआप मिटल्या. उरलेल्यांत तेलात भिजवलेले सूत बोथट पटाशीने ठोकले, वर राळेची पूड गरम तेलात कालवून लिंपली. बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल. ते कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून ते काम मेस्तांनी मला करू दिले नाही.

हिशेब असा: मजुरी 6,000, फळ्या आणि वांक 2,300, खिळे 850, राळ, तेल, डांबर 1,450, सूत 350. एकूण 10,950. उरले 1,050. पुतण्याला त्यात निळा रंग हवा होता. मी तरंगण्याची दोन जुनी जाकिटे घेतली. 21 जानेवारी 2019 ला कूर्मगडच्या जत्रेहून परतणारी होडी समुद्रात उलटली, 16 माणसे गेली. त्या दिवसापासून आमच्या काठावर होडी म्हटली, की आधी माणसे मोजली जातात. पैसा तुटपुंजा असला, तर काय सोडायचे ते कळले पाहिजे. रंग सोडता येतो, नवी वल्ही सोडता येतात. पाणी बाहेर ठेवणारे आणि माणूस वर ठेवणारे काही सोडता येत नाही.

होडी पाण्यात घातली तेव्हा पहिल्या तासात दोन करवंट्या पाणी आत आले, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी तळ नुसता ओलसर. मेस्तांनी त्या ओलाव्यावरून हात फिरवला आणि मजुरीचे उरलेले पैसे तेव्हाच मागितले, आधी नाही.

मार्गशीर्षात दादा आले. पलीकडे जाताना गप्प होते. परतताना मधे नारळ, दोन टोकांना आम्ही दोघे. त्यांनी माझ्या हातातले वल्हे मागून घेतले. साठ वर्षांपूर्वी बाबांनी शिकवलेला हात विसरला नव्हता. जागेचा विषय निघाला नाही. कागद कपाटात आहेत. होडीला दर उन्हाळ्यात राळ-तेल लागणार. त्यासाठी पहिल्या नारळांच्या पैशांतून 1,500 रुपये वेगळे काढून ठेवले आहेत. त्यातले 500 दादांचे.