पायाखालची जमीन

बालीगंज, मंगळवार. सायन्स कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागावरून जाताना एकायनोकॉकस आठवला. कुत्र्याच्या आतड्यातला हा फीतकृमी जेमतेम काही मिलिमीटरचा; त्याची अळी मात्र मेंढीच्या, कधी माणसाच्याही यकृतात पाण्याने भरलेली मोठी गाठ होऊन बसते.

१९६०च्या दशकात परजीवीशास्त्रज्ञ जे. डी. स्मिथ यांनी गाठीतली सूक्ष्म डोकी, म्हणजे प्रोटोस्कोलेक्स, काचपात्रात वाढवली. तळाशी गोठवलेल्या सीरमचा घट्ट थर लाभला, तर काही डोक्यांना खंड फुटून कृमी तयार होऊ लागे. नुसत्या द्रवात ती फुगत, भोवती थरांचं कवच चढे आणि नवी गाठ बने.

जीव तोच, भविष्यं दोन! रक्त मोठं की परिस्थिती, यावर तावातावाने भांडणाऱ्यांनी हे काचपात्र जरूर पाहावं.