स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या बाई

2009च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका राज्य विद्यापीठात मी पीएच.डी.साठी दाखल झाले. विभागाच्या कार्यालयात त्याच दिवशी मला व्यायामशाळेची किल्ली, एक शिट्टी आणि तीन वर्गांचे हजेरीपट मिळाले. दोन वर्ग बॅडमिंटनचे, एक वेट ट्रेनिंगचा. पहिला तास सहा दिवसांवर आला होता.

तिथे याला टीचिंग असिस्टंटशिप म्हणतात. फी माफ, महिन्याला जेमतेम भागेल इतकं विद्यावेतन आणि त्या बदल्यात आठवड्याला 20 तास काम. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना तेवढंच काम करता येतं. रसायनशास्त्राचा टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, प्रयोगशाळा सांभाळतो आणि त्याच्यावर एक प्राध्यापक असतो. आमच्या विभागात मात्र अख्खा वर्ग टीएच्याच हाती होता. अभ्यासक्रम आखून दिलेला, पण शिकवणं, परीक्षा आणि गुण सगळं आमच्याकडे. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. ॲमहर्स्ट कॉलेजात डॉ. एडवर्ड हिचकॉक यांनी 1861 मध्ये या विषयाचा विभाग हाती घेतला. मोठ्या विद्यापीठांत आता हे एक श्रेयांकाचे वर्ग बरेचसे आमच्यासारख्या शिकाऊ मंडळींच्या भरवशावर चालतात.

आम्ही आठ नवे टीए होतो आणि आमचं प्रशिक्षण दीड दिवसाचं. त्यात रबरी बाहुल्यावर छाती दाबून सीपीआर शिकलो, हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र कुठे ठेवलंय ते पाहिलं, आगीच्या वेळी बाहेर पडायचे दरवाजे पाहिले, विद्यार्थ्याचे गुण त्याच्या आईवडिलांनाही परस्पर सांगायचे नाहीत हा कायदा ऐकला. सगळं आवश्यकच होतं. शिकवायचं कसं, यावर चाळीस मिनिटं मिळाली, तीही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीची.

माझे सहकारी आपापल्या विषयात हुशार होते. एक जण विद्यापीठाच्या संघातून पोहलेला. एक ट्रेडमिलवर धावणाऱ्यांचा प्राणवायू मोजणारी. एक धावपटूंच्या गुडघ्याचे कोन कॅमेऱ्याने टिपणारा. वर्गापुढे उभं राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. माझ्यावर आली होती. पुण्यात बी.पी.एड. तेव्हा एका वर्षाचं होतं आणि त्या वर्षात आम्ही आधी एकमेकांवर सूक्ष्म पाठ आणि मग शाळांत जाऊन सराव पाठ घेतले होते. आदल्या संध्याकाळी पाठ टाचणावर सही घ्यायची, सकाळी चुन्याने मैदान आखायचं, पांढऱ्या गणवेशात उभं राहायचं. निरीक्षक झाडाखाली खुर्ची टाकून वही उघडून बसायचे. आईने फोनवर विचारलं, "तिथल्या मुलांना तू काय शिकवणार गं?" मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, हे काम मला येतं. तसं मला खरंच वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या पर्यवेक्षक बॅडमिंटनच्या तासाला आल्या. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझ्या तोंडी ते बसायला वर्ष गेलं, म्हणून इथे मी त्यांना बाईच म्हणते. त्या भिंतीशी बाकावर बसल्या. मांडीवर एक कागद, हातात स्टॉपवॉच. मी त्या दिवशी लांब सर्व्हिस शिकवली: पकड, पायांची जागा, मनगट, शटल सोडण्याची उंची. चार वेळा करून दाखवली. मुलं शांतपणे ऐकत होती. नंतर चार रांगा केल्या आणि एकेकाला पुढे बोलावलं. तास छान झाला असं वाटलं.

बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. पन्नास मिनिटांपैकी हजेरी आणि जाळ्या बांधण्यात सात गेली होती. माझ्या बोलण्यात सोळा. रांगेत उभं राहण्यात नऊ. हातात रॅकेट घेऊन मुलं प्रत्यक्ष खेळली ती अठरा मिनिटं. खाली आणखी एक ओळ होती. मागच्या रांगेतली निळ्या शर्टची मुलगी: पूर्ण तासात शटलला स्पर्श तीनदा.

"तुला बॅडमिंटन उत्तम येतं, हे आज त्या सगळ्यांना कळलं," बाई म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि कागद मला देऊन गेल्या.

त्या रात्री माझ्या खोलीत मी जुनी पाठ टाचणं आठवत बसले. पुण्यातल्या निरीक्षकांचे शेरे मला पाठ होते. 'आवाज खणखणीत.' 'शिट्टीचा वापर योग्य.' 'रांगा सरळ.' 'वर्गनियंत्रण चांगलं.' एकूण एक शेरा माझ्याबद्दल होता. मुलांना काय आलं, किती वेळा आलं, याबद्दल एकाही टाचणावर काही नव्हतं. मला राग आला, कुणाचा ते कळेना. आज वाटतं, ते निरीक्षक मन लावून काम करत होते; त्यांना शिकवणाऱ्याकडेच पाहायला शिकवलं गेलं होतं.

वेळ मोजण्याची ही रीत बाईंची स्वतःची नव्हती. ओहायो राज्य विद्यापीठात डॅरिल सीडेनटॉप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती 1970च्या दशकाच्या अखेरीस बसवली. विद्यार्थी आपल्याला झेपेल अशा कामात, यश मिळवत, किती वेळ गुंतला ते मोजायचं. नुसतं हललं म्हणून तो वेळ धरायचा नाही. न झेपणारं काम करत धडपडणाराही त्यात बसत नाही. त्याच मंडळींनी निळ्या शर्टच्या मुलीसारख्यांचंही निरीक्षण केलं होतं. असा विद्यार्थी वेळेवर येतो, गणवेश घालतो, कधी त्रास देत नाही आणि आपली पाळी जवळ आली की हळूच रांगेत मागे सरकतो. शिक्षकाला तो वर्षभर दिसत नाही. हे वाचताना मला माझ्या सांगलीच्या शाळेतला पीटीचा तास आठवला. मी खो-खोच्या संघात होते, मैदानाच्या मध्यभागी. कडुलिंबाखाली पोट दुखतंय म्हणून बसणाऱ्या पंधरा-वीस मुली होत्या. त्यांची पोटं खरंच दुखत होती का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि बहुधा इतर कुणालाही.

मी आधी सोपं ते बदललं. मुलं येण्याआधी जाळ्या बांधायच्या. दारातून आत येताच रॅकेट हातात आणि समोरच्याबरोबर खेळ सुरू. हजेरी मी फिरता फिरता घेणार. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, मिनिटाच्या आत. कोर्टाच्या मधोमध उभं न राहता कडेने, पाठ भिंतीकडे ठेवून चालायचं, म्हणजे सगळे नजरेत राहतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाठ टाचणातले सगळे गुण मिळवलेल्या मला ते अंगवळणी पाडायला दीड महिना लागला. तोंड आवरणं सर्वांत जड गेलं.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतींच्या वर्गात मिळाली. मस्का मॉस्टन यांनी 1966च्या आपल्या पुस्तकातून अध्यापनाच्या शैलींची मांडणी केली. त्यांचं तिरप्या दोरीचं उदाहरण या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. उंच उडीला दोन माणसं दोरी आडवी धरतात. सगळे उडी मारतात, मग दोरी वर जाते. ज्यांना जमत नाही ते एकेक करून बाहेर बसतात आणि ज्यांना सरावाची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच तो सगळ्यात कमी मिळतो. आता दोरीचं एक टोक जमिनीशी आणि दुसरं खांद्यापाशी धरा. प्रत्येकाला आपली जागा निवडता येते. कुणी बाहेर बसत नाही, कुणाला आव्हानही कमी पडत नाही.

मी कोर्टवर चिकटपट्टीच्या चार रेषा मारल्या, एक जाळीपासून अगदी हातभर अंतरावर. ज्याला जिथून जमेल तिथून सर्व्हिस करायची. पाचपैकी तीन आत पडल्या की स्वतःच ठरवून एक रेष मागे. निळ्या शर्टची मुलगी पहिल्या रेषेवर उभी राहिली. मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नाही. त्या तासात तिने चाळीसेक सर्व्हिस केल्या असतील. डिसेंबरपर्यंत ती तिसऱ्या रेषेवर आली, चौथीवर आली नाही. पुढच्या सत्रात तिने पुन्हा बॅडमिंटन घेतलं, तेही दुसऱ्या टीएकडे. मला ते फार आवडलं. तिला खेळ हवा होता.

तिसऱ्या वर्षी बाईंनी नव्या टीएंची तयारी माझ्याकडे सोपवली. दीड दिवसाचे चार दिवस करून मागितले आणि ते मिळाले. त्यातला एक दिवस मी लेझमीला दिला.

अमेरिकेला निघताना आमच्या शाळेतल्या सरांनी मला दोन लेझिमी दिल्या होत्या, लाकडी दांडा आणि चकत्यांची लोखंडी साखळी. मी त्या नव्या आठ जणांपुढे ठेवल्या. हेतू साधा होता. ज्याला पोहता कधी आलं हे आठवतच नाही, त्याला न येणं म्हणजे काय हे कसं कळणार? मी 'चार आवाज' करून दाखवले, भरपूर बोलले आणि दोघांना लेझीम देऊन बाकीच्या सहा जणांना रांगेत उभं केलं. हे सगळं ठरवून. पहिल्या दोघांची साखळी मनगटावर आपटली, ठोका चुकला, बघणारे हसले. माजी बास्केटबॉलपटू असलेला एक सहा फुटी मुलगा चौथा होता. पाळी आली तेव्हा तो शेजारच्या मुलीला म्हणाला, "तू आधी जा." मी तिथेच थांबवलं आणि त्याला विचारलं, आत्ता तू काय केलंस? त्याचे कान लाल झाले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानेच सांगितलं की सगळ्यांसमोर चुकायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दुपारी पुन्हा लेझीम केली. या वेळी आठही जण एकदम, रिकाम्या हातांनी, खाली वाकत आणि वर येत, आवाज तोंडाने काढत. लेझीम दर दोन मिनिटांनी पुढच्या जोडीकडे जायची. तासाभरात सगळ्यांचे 'चार आवाज' बसले आणि तिघांचा 'आदि लगाव'सुद्धा. बाकीच्या तीन दिवसांत प्रत्येकाने दहा-दहा मिनिटं शिकवलं, मी आणि बाई स्टॉपवॉच घेऊन बसलो. पण त्या गटातल्या कुणीही मला नंतर भेटलं की लेझमीचंच बोलायचं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यातल्याच एकाने वेट ट्रेनिंगला उशिरा येणाऱ्यांना वीस पुशअप्स मारायला लावायला सुरुवात केली. मी त्याला संघटनेचं लेखी धोरण दाखवलं. शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेने, व्यायाम शिक्षा म्हणून द्यायचा नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. तो म्हणाला, यामुळे मुलं वेळेवर येतात. त्याचं खरं होतं, येत होती. मी त्याला माझा पुण्यातला सराव पाठ सांगितला. उशिरा आलेल्या चार मुलांना मी मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या होत्या आणि निरीक्षकांनी त्याबद्दल चांगला शेरा दिला होता. त्या चौघांच्या लेखी पळणं म्हणजे काय झालं असेल? आयुष्यभर ज्याची गोडी लागावी असं आपल्याला वाटतं, तीच गोष्ट आपण दंड म्हणून वापरतो. त्याला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पुशअप्स मात्र त्याने थांबवल्या.

आता मी महाराष्ट्रात एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकवते. बी.पी.एड. 2015पासून दोन वर्षांचं झालं आहे. सराव पाठ आहेत, टाचणं आहेत, निरीक्षक आहेत. हे फार मोठं भांडवल आहे. माझ्या अमेरिकी सहकाऱ्यांना याचा दहावा हिस्साही मिळाला नव्हता. पण पदवी महाविद्यालयांत चित्र वेगळं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा आणि योगाला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागले. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक बहुधा एकच असतो आणि विद्यार्थी हजारांनी. मग हे वर्ग कोण घेणार? एम.पी.एड. आणि पीएच.डी. करणारी मुलंमुली घेतील, काही ठिकाणी घेऊही लागली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण घेणं अपेक्षित आहे आणि आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचं काम त्याच्याकडे देता येतं. कागदावरची ही तरतूद आपल्या विषयाने तरी नावापुरती ठेवू नये. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना खेळ शिकण्याची ही बहुतेक शेवटची संधी असते. त्यानंतर त्यांना शिकवायला कुणी येत नाही.

निरीक्षण करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. पुढच्या सराव पाठाला जाताना मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू करा. छात्राध्यापकाकडे पाहू नका. शेवटच्या रांगेतली एक मुलगी निवडा, पूर्ण तास तिच्याकडेच पाहा आणि चेंडू तिच्या हाती किती वेळा आला ते मोजून टाचणाच्या खाली लिहा.