पाहिलं, ऐकलं, वाटलं

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर बातमी लपत नाही. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत १२१ किलोमीटरचा किनारा, त्यात खाड्या, खाजणं, माडांच्या आडून थेट पुळणीवर उतरणाऱ्या पाणंदी. तरीही रात्री कोणाची होडी कुठे लागली, कोणाच्या खळ्यात परका टेम्पो उभा राहिला, कोणी एकाएकी नवं इंजिन घेतलं, हे सकाळच्या मासळीच्या लिलावापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. ठाऊक व्हायला इथे कष्ट पडत नाहीत. तेच कोर्टात सिद्ध करायचं म्हटलं की वर्षं जातात.

या दोहोंच्या मधल्या वाटेवर माझं कामाचं आयुष्य गेलं. आधी कस्टम्सच्या प्रतिबंधक शाखेत, म्हणजे खबर काढायची, गस्त घालायची, माल पकडायचा. नंतर काळा कोट घालून ओरोसच्या जिल्हा न्यायालयात आणि मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या कोर्टांत. कायद्याची पदवी नोकरीत असतानाच घेतली होती, सनद मात्र नोकरी सोडल्यावर. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४९ क्रमांकाचा नियम आहे. त्यामुळे आपल्याकडे ही दोन कामं एकाच वेळी करता येत नाहीत. एक उतरवल्याशिवाय दुसरं अंगावर चढत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. का, ते पुढे सांगतो.

खबरीच्या कामातला मोठा भाग लिहिण्याचा आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. खबर देणारा कचेरीची पायरी सहसा चढत नाही. तो तिठ्यावर भेटतो, आठवड्याच्या बाजारात भेटतो, जत्रेत दशावतार रंगात आला आणि सगळ्यांचे डोळे रंगमंचाकडे लागले की शेजारी येऊन बसतो. पहिलं वाक्य ठरलेलं : ‘‘सायबानू, माजा नाव खंयच येवक नको हां.’’ त्यानंतर तो जे सांगतो ते तारीख-वेळेसह कागदावर उतरतं. कागदावर नाव नसतं, डाव्या अंगठ्याचा ठसा असतो. शाईचा पॅड, अंगठा, वर फुंकर, पाकीट, पाकिटावर लाखेचं सील. ते पाकीट वरिष्ठांकडे जातं. पुढे माल सापडला आणि बक्षिसाची रक्कम द्यायची वेळ आली, तर तोच अंगठा पुन्हा ताडून पाहिला जातो. ज्याचं नाव कुठेच नाही अशा माणसाची सगळी ओळख त्या ठशात साठवलेली असते.

तो कागद लिहिताना मी एक पद्धत पाळत असे, आणि ती मला कायद्याच्या वर्गाने दिली होती. कागदावर तीन भाग पाडायचे : पाहिलं, ऐकलं, वाटलं. साक्षीदाराने जे स्वतः पाहिलं ते त्याने स्वतः सांगावं, हा पुराव्याच्या कायद्याचा पाया. ऐकीव गोष्ट कोर्टात सहसा चालत नाही. खबरीत मात्र ती चालते, तिच्यावाचून खबरीचं पानही हलत नाही. म्हणून ती टाकायची नाही, फक्त तिच्या जागी लिहायची. ‘‘बोट दाभोळची होती’’ असं माणूस ठासून सांगतो. ‘‘तुम्ही नाव वाचलंत?’’ ‘‘नाय.’’ ‘‘मग दाभोळची कशावरून?’’ ‘‘बांधणीवरून वाटली.’’ एका वाक्याचं असं दोन भागांत विभाजन झालं की पुढची निम्मी दिशाभूल टळते.

किनाऱ्यावरची माणसं घड्याळाने बोलत नाहीत, तिथीने आणि पाण्याने बोलतात. अमावास्येचं उधाण, अष्टमीचं भांग, भरती, सुकती. तपासणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदान आहे, कारण तिथी आणि पाणी कोणाच्या बाजूने खोटं बोलत नाहीत. एकदा एकाने सांगितलं, शुक्ल अष्टमीच्या रात्री दोनच्या सुमारास एक बोट मालाने भरलेली देवबागच्या मुखातून कर्ली खाडीत शिरली आणि चांदण्यात त्याने तिचा नंबर वाचला. मी भिंतीवरचं पंचांग पाहिलं. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. दोन वाजता चांदणं कुठलं? आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास भरते, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ पाच-सहाच्या सुमारास. म्हणजे रात्री दोनला पाणी नुकतंच चढायला लागलेलं, तेही भांगाचं. मुखाशी वाळूचा पट्टा आहे. भरलेली बोट त्या पाण्यात तिथून आत येणं कठीण.

पुन्हा विचारल्यावर कळलं की पाहिलं होतं ते भाच्याने, तेही दुसऱ्या रात्री. आणि ज्या बोटीचा नंबर सांगितला होता, तिच्या मालकाशी या माणसाचा सामाईक जमिनीवरून दावा चालू होता. खबर पूर्ण खोटी नव्हती, बोट आली होती. पण नंबर ‘पाहिलं’मध्ये बसत नव्हता आणि ‘ऐकलं’मध्येही बसत नव्हता. त्या रात्री एका घराची झडती झाली नाही. कोकणातल्या वाडीत पोलीस किंवा कस्टम्सची गाडी एखाद्या दारात उभी राहिली, तर आत काही सापडो न सापडो, त्या घरातल्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत ती गोष्ट पोचते. खबर तपासून घेण्याचं मोल तिथे आहे.

कायदा हे सगळं जाणतो. अंमली पदार्थांच्या कायद्याचं ४२ वं कलम सांगतं, की अधिकाऱ्याला मिळालेली खबर लेखी उतरवली पाहिजे आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे गेली पाहिजे. कर्नैल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००९ मध्ये स्पष्ट केलं : धावपळीत उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण असलं तर एक वेळ चालेल, पण हे कलम अजिबातच न पाळणं चालणार नाही. २०२० च्या तूफान सिंग निकालाने आणखी एक दार बंद केलं. या कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कबुली म्हणून वापरता येणार नाही, असं बहुमताने ठरलं. जबाबावर विसंबून राहायची सवय लागलेल्या खात्यांना हा निकाल जड गेला. मला तो तपास सुधारणारा वाटला. जबाब नाही म्हटल्यावर माणूस फोनचे तपशील, बोटीच्या जीपीएसची नोंद, डिझेलचं बिल शोधायला लागतो.

दुसऱ्या बाजूने कायदा खबऱ्याच्या पाठीशीही उभा राहतो. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली, हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला कोर्टही भाग पाडू शकत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे १२५ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३१ वं आहे. अंमली पदार्थांच्या कायद्यातही असंच संरक्षण आहे. जत्रेत शेजारी येऊन बसणाऱ्या माणसाने घातलेली अट कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केली आहे.

वकिली आणि गुप्तवार्ता या दोन्हींचा विचार करताना मला नेहमी आंबोली आठवते. २५ नोव्हेंबर १९५५ ला गोवा मुक्तीसाठीचं भूमिगत रेडिओ केंद्र सुरू झालं. पहिले काही महिने ते आंबोलीच्या रानातून चाललं, पुढे आजच्या कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या जंगलातून. ते चालवणाऱ्या दोघांपैकी एक वामन सरदेसाई आणि दुसऱ्या लिबिया लोबो. लिबियाबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासण्याचं सेन्सॉरचं काम केलं होतं आणि नंतर नोकरी करता करता कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. पत्रातल्या ओळींमागचा अर्थ वाचायची सवय एकीकडून आली, मुद्दा मांडायची दुसरीकडून. पोर्तुगीज सत्ता काय सांगते ते ऐकायचं, वृत्तपत्रं वाचायची, त्यातलं खोटं वेगळं काढायचं आणि पोर्तुगीज व कोंकणीतून त्याला उत्तर द्यायचं, हा त्यांचा क्रम १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालला. गोवा मुक्त झाला तेव्हा विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी लोकांना सांगण्याचा मान त्यांना मिळाला. २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मी त्या कामाकडे वकिलाच्या नजरेने पाहतो. दिवाणी दाव्यात वादीचं म्हणणं प्रतिवादीने मुद्देवार नाकारलं नाही, तर ते कबूल आहे असं धरलं जातं. म्हणून कैफियत लिहिताना एकेक परिच्छेद घेऊन त्याला उत्तर द्यावं लागतं. पोर्तुगालच्या सालाझार राजवटीचा प्रचार अनुत्तरित राहिला असता तर तो खरा धरला गेला असता. आंबोलीच्या धुक्यात आणि मग कॅसलरॉकच्या जंगलात बसून त्या दोघांनी सहा वर्षं कैफियत लिहिली. शिवाय ते ज्या माहितीवर काम करत, तिचा बराच भाग उघड्यावर पडलेला होता : रेडिओवर, छापील कागदावर. तो चिकाटीने वाचायला लागतो, एवढंच.

खबरीच्या कामाची काळी बाजूही याच कोकण किनाऱ्याने पाहिली आहे. १९९३ च्या जानेवारीत कस्टम्सला इशारा मिळाला होता की सोन्या-चांदीच्या आडून हत्यारं उतरण्याचा संभव आहे. तरी रायगड जिल्ह्यात शेखाडीला हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पुढे खटल्यात कस्टम्सचे काही अधिकारीही दोषी ठरले. मी ज्या खात्यात काम केलं त्या खात्याचा हा इतिहास आहे आणि तो मी नव्या पोरांना प्रत्येक वेळी सांगतो. खबर अचूक होती. ती ज्यांच्या हातात पडली ते हात विकले गेले होते.

उजळ बाजूचं उदाहरण २६/११ च्या खटल्याचं. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपीही होते. मुंबईतल्या ठिकाणांचा हाताने काढलेला नकाशा त्यांनी पुरवला आणि तो मारल्या गेलेल्या हल्लेखोर अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला, असं अभियोगाचं म्हणणं होतं. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी तो कागद पाहिला. पँट रक्ताने माखलेली होती, नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला आणि ते दोघे सुटले. उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. देश संतापाने पेटलेला असताना एक न्यायाधीश एका स्वच्छ कागदाकडे निरखून पाहतो आणि त्यावर निर्णय देतो, याचा मला आजही अभिमान वाटतो. कसाबची शिक्षा जगात कोणी ढोंग म्हणू शकलं नाही, त्याला ही सुटकाही एक कारण आहे.

आता माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक मच्छीमार असतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो. पारंपरिक रापणवाल्यांचा पोटाचा प्रश्न आहे, ते रागाने येतात. मी तोच कागद पुढे करतो, तीन भाग पाडलेला. फोटो काढलात तर फोन जपून ठेवा, काही पुसू नका, कोणाला पुढे पाठवून मूळ फाइल हरवू नका. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र आणि फाइलची हॅश किंमत द्यावी लागते. परकी, संशयास्पद बोट दिसली तर माझी वाट पाहू नका, सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ फिरवा. किनाऱ्याची राखण आधी, खटला नंतर.

आणि आता त्या ४९ व्या नियमाविषयी. नोकरीत असताना कानावर आलेलं काहीही मी कोर्टात वापरत नाही. ज्या फाइलला तेव्हा माझा हात लागला, तिच्यातल्या कोणत्याही पक्षाचं वकीलपत्र घेत नाही. उलट दिशेनेही तेच. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कायद्याने संरक्षित आहे आणि चहाच्या टेबलावर जुना सहकारी कितीही सहज विचारो, ती खबर होऊ शकत नाही. खबर घेणाऱ्याला सगळ्यांवर संशय घ्यावा लागतो, वकिलाला एकावर विश्वास ठेवावा लागतो. एका माणसाने एकाच दिवशी दोन्ही करायचं ठरवलं, तर खबऱ्या आणि अशील दोघेही फसतात. म्हणून नोकरी आणि सनद यांच्यामध्ये राजीनाम्याची रेघ हवी.

कुडाळ-सावंतवाडीची कायदा शिकणारी मुलं-मुली कधी कधी विचारायला येतात : गुप्तवार्तेच्या कामात जाऊ का? जा, असंच मी सांगतो. किनाऱ्याला तुमची गरज आहे; तिथीवरून पाणी ओळखणारा आणि मालवणी बोलणारा अधिकारी बाहेरून आणता येत नाही. पण जाताना कायदा बरोबर घेऊन जा. ज्या दिवशी वरिष्ठ घाई करतील, लोक चिडलेले असतील आणि तुम्हाला स्वतःलाही खात्री वाटत असेल, त्या दिवशी कागदावरच्या तिसऱ्या भागातली ओळ पहिल्या भागात ढकलायचा मोह होईल. ती तिथेच राहू द्या आणि तिच्यासाठी पुरावा शोधायला बाहेर पडा.