कनाव्हाकाठचं मीठ

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला जाणं झालं, तर कनाव्हा नदीकाठचं माल्डन गाव जरूर पाहा. समुद्राचा पत्ता नाही, तरी इथं मीठ! जमिनीखालचं खारं पाणी काढायचं नि भट्टीवर आटवायचं. १८०८ मध्ये रफनर बंधूंनी खोल विहीर पाडली. मग भट्ट्या इतक्या वाढल्या, की भाव कोसळला. १८१७ मध्ये मालकांनी कंपनी काढून कुणी किती मीठ काढायचं, काय भावानं विकायचं, सगळं ठरवून टाकलं. एकी झाली, पण गिऱ्हाइकाच्या जिवावर! राबायला गुलाम, कित्येक तर दुसऱ्या मालकांकडून भाड्यानं आणलेले. गुलामगिरी संपल्यावर छोटा बुकर वॉशिंग्टन, पुढे नामवंत शिक्षक झालेला, इथल्याच भट्टीवर लागला. सावत्र वडिलांच्या पिंपांवर १८ आकडा घातलेला असे. पोराला ओळखता आलेलं पहिलं अक्षर म्हणा, आकडा म्हणा, तेच.