झिरा

आमच्या घरात सहल हा शब्द नव्हता. तो शाळेत होता. मास्तर सहलीचे दोन रुपये मागायचे आणि सहलीच्या दिवशी आम्ही बापासंगं वावरात असायचो. आमच्या माणसांचं गावाबाहेर पडणं ठरलेलं. लग्न, मयत, कापसाची वेचणी. छप्पन सालानंतर त्यात नागपूरची दीक्षाभूमी आली, दादरची चैत्यभूमी आली. पण नुसता डोंगर पाहायला म्हणून घराला कडी लावून चौदा माणसं निघाली, हे १९८१ च्या मे महिन्यात पहिल्यांदा घडलं. त्या सहलीत माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. इतकी वर्षं मी ते कुठं बोललो नाही. पण मित्रांनो, तुम्ही आज सभेत बोलता, मीही तेव्हा बोलत होतो. म्हणून सांगतो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावात एकच गोडी विहीर, ती पाटलाच्या वाड्याजवळ. आजीच्या तरुणपणी आमच्या बायांनी तिथं घागर खाली ठेवून दूर उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. नाही आली तर चंद्रभागेच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. एक घागर भरता भरता दुपार व्हायची.

ही चंद्रभागा म्हणजे पंढरपूरची नव्हे. ही आपली वऱ्हाडातली. गाविलगडाच्या डोंगरातून निघते, दर्यापुरावरून जाते आणि पूर्णेला मिळते.

आजीचा बाप १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या परिषदेला पायी गेला होता. अंबादेवीचं देऊळ आपल्याला खुलं व्हावं यासाठी तेव्हा सत्याग्रहाचं चाललं होतं. परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब. त्याच वर्षी २० मार्चला महाडचं चवदार तळं झालेलं. म्हातारा परत आला तो घरात एकच सांगत राहिला. "आता पानी आपल्या हातानं घ्याचं." आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोर. पुढं छप्पनला ती स्वतः मूर्तिजापुरावरून गाडीत बसून नागपूरला गेली. फडक्यात भाकरी आणि कांदा. परत आली ती देव पोत्यात भरून नदीला सोडायलाच.

माझा काका बांधकाम खात्यात चौकीदार होता. त्याची बदली चिखलदऱ्याला झाली. राहायला एक खोली मिळाली. त्यानं पत्र लिहिलं, सगळे या, इथं मे महिन्यात पांघरूण लागतं. कुणाला खरं वाटेना. खाली आमच्याकडं पत्रे तापून पापड भाजावेत अशी ऊन. बापानं आजीला विचारलं, "माय, तू कायले येतं त्या डोंगरात?" ती म्हणाली, "मले पाह्याचं हाये, हे चंद्रभागा कोठून येते. वरतून गोडी येते का खारीच येते?"

अकोल्याहून आत्या आली. आत्याचे यजमान गिरणीत होते. त्यांना आम्ही जवाईबुवा म्हणायचो. अमरावतीहून मामा आला. दर्यापूर-बनोसाच्या ठेसनावर आम्ही शकुंतलेत बसलो. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद लाईन इंग्रज कंपनीनं कापूस वाहून न्यायला टाकलेली. गाडीला तेव्हा वाफेचं इंजिन होतं, ते १९९४ पर्यंत चाललं. आता गाडीच बंद आहे. अंजनगाव, पथ्रोट करत ती इतकी सावकाश जायची की पोट्टे उतरून बाजूनं पळायचे आणि परत चढायचे. बाप म्हणाला, "ह्याच गाडीनं आपला कापूस गेला बाप्पा. आज पह्यल्यांदा आपन चाल्लो."

परतवाड्याहून एस.टी. घाट. आत्याला तीनदा उलटी झाली. वर पोचलो आणि वारा लागला. जवळजवळ अकराशे मीटर उंची. आजीनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "अशी हवा असते आन् आपन खाली मरून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशी काकानं भीमकुंड दाखवलं. काळा पाषाण उभा कापलेला, थरावर थर, आणि खाली डोळा पोचत नाही अशी दरी. लोक सांगतात, भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. पोट्ट्यांनी ऐकलं तेवढ्यात "जयभीम" ओरडून दरी घुमवली. मी शहाणा, मी समजावू लागलो की हा महाभारतातला भीम आहे. आजी म्हणाली, "मले मालूम हाये रे. पन दरीले कोठी मालूम हाये?" सगळे हसले. मीही हसलो.

मग गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, असं मी कॉलेजात वाचलं होतं. ते सांगितलं. बापानं तटाच्या दगडावर हात ठेवून विचारलं, "हा इतला गोटा वर कोन आनला, ते लिहिलं हाये काय त्या पुस्तकात?" लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आजीसाठी दरीत उतरायचं ठरलं. काका म्हणाला, नदीचं एक तोंड असं काही नाही, असे शंभर नाले मिळून खाली नदी होते, त्यातला एखादा पाहू. सकाळी निघालो. सागाला पान नव्हतं. सावली नव्हती. पायाखाली वाळलेला पाचोळा कुरकुर वाजायचा आणि प्रत्येक आवाजाला पोट्टे "अस्वल, अस्वल" करायचे. नाला कोरडा. मोठाले गोल धोंडे, आणि दोन्ही अंगांना काळी भिंत. वर थंड हवा असली तरी त्या घळीत भट्टी पेटली होती. दहा वाजेपर्यंत कॅनमधलं पाणी संपलं. जवाईबुवांना चक्कर आली. ते धोंड्यावर बसले ते उठेनात. त्यांचे ओठ पांढरे पडले. आत्या रडायला लागली. काका वाट शोधायला गेला तो लवकर येईना. आपण इथंच राहतो की काय, असं मला पहिल्यांदा वाटलं.

वळणाच्या पलीकडं वाळूत एक बाई बसलेली दिसली. आजीच्याच वयाची कोरकू बाई, सोबत एक नात. वाळूत हातभर खड्डा उकरलेला. त्यात पाणी झिरपत होतं. ती पानाच्या द्रोणानं ते उचलून भोपळ्याच्या तुंब्यात भरत होती.

आम्ही दिसताच ती उठली. नातीला ओढून दहा पावलं मागं सरकली आणि अंग चोरून उभी राहिली. आम्ही पॅन्टवाले. जंगलखात्याचे समजली असेल, नाहीतर कोणीही समजली असेल. तिला सरकायची सवय होती.

आणि मी काय केलं? महिनाभरापूर्वी चौदा एप्रिलला मी गावात चवदार तळ्यावर पाऊण तास बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या. ती बाई मागं सरकली ते मला काही वेगळं वाटलं नाही. मी पुढं झालो. जवाईबुवांसाठी तिनं भरलेला तुंबा लहान भाऊ उचलायला गेला, तर मी म्हणालो, "तो नको घेऊ. आपल्या तांब्यानं घे. हे लोक काय खातात, काय पितात, कोणाले मालूम."

आजी मागून येत होती. तिनं ऐकलं.

ती काही बोलली नाही. सरळ त्या बाईजवळ गेली. तिच्यासमोर वाळूत बसली आणि ओंजळ पुढं केली. हात खाली, मान खाली, जशी तरुणपणी गोड्या विहिरीवर बसत असेल तशी. त्या बाईला कळेना. ती "डा? डा?" म्हणाली. त्यांच्या बोलीत पाण्याला डा म्हणतात. तिनं पुढं येऊन तुंबा उचलला आणि ओतायला वाकली. तेवढ्यात आजीनं ओंजळ मोडली. तुंबाच हातात घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. मग तो जवाईबुवांच्या तोंडाला लावला. मग माझ्यापुढं धरला.

मी प्यालो. तहानेनं प्यालो की लाजेनं, ते मला आजही सांगता येत नाही. पाणी गोड होतं.

आमच्यासाठी तिनं अर्ध्या दिवसाचं पाणी दिलं. बापानं आणि मामानं बसून तिचा तुंबा पुन्हा भरून दिला. आत्यानं पोळ्या तिच्या नातीच्या ओट्यात टाकल्या. काका आल्यावर तिनंच वर जायची जवळची वाट दाखवली.

चढताना आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. अर्ध्यात थांबून म्हणाली, "आज तुह्या तोंडातून पाटील बोलला रे बाप्पा." एवढंच. पुन्हा तिनं तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

पुढं मला कळलं, कोरकू या शब्दाचा अर्थच माणसं असा आहे. महाडला बाबासाहेबांनी सांगितलं होतं ते हेच, की आपण नुसतं पाणी प्यायला जात नाही, आपणही माणसं आहोत हे ठरवायला जातो. ते भाषण मला पाठ होतं. मेळघाट १९७४ ला वाघांसाठी राखीव झाला. पुढं तिथली काही गावं उठवली गेली. १९९३ मध्ये तिथली लेकरं उपासमारीनं आणि आजारानं मेल्याच्या बातम्या पेपरात आल्या. मी त्या वाचल्या आणि पेपर घडी करून ठेवला. आमच्या वस्तीतून कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

आता खारपाणपट्ट्यात नळ आले. वान, शहानूर या धरणांचं पाणी. ते त्याच डोंगरातून येतं. आमच्या घरी तोटी फिरवली की गोडं पाणी पडतं. वर झिऱ्याजवळ बसणारी बाई मात्र आमच्या सभेत कधी स्टेजवर दिसली नाही, आणि तिच्या नावाचा ठराव कुणी मांडला नाही.

मित्रांनो, तुम्ही आता मोटारसायकलवर चिखलदऱ्याला जाता. दरीवर काचेचा पूल बांधायला काढला आहे, तो पाहाल, फोटो काढाल. जरूर जा. आपल्या माणसांनी डोंगर पाहिलाच पाहिजे. पण पाण्याजवळ पोचलात आणि कुणी तुम्हाला पाहून मागं सरकलं, तर तिथं थांबा. आपल्या तोंडून कोण बोलतं ते ऐका. चवदार तळ्यावर भाषण त्यानंतर करा.

जयभीम.