मुदतीची करुणा

आयकर कायद्याच्या ८०ग कलमात एक जुने उपकलम होते. गुजरातच्या भूकंपग्रस्तांसाठी दिलेल्या देणगीवर शंभर टक्के वजावट त्याने देऊ केली होती. मात्र ती देणगी २६ जानेवारी ते ३० सप्टेंबर २००१ या काळातच दिलेली असावी लागे. संस्थांनी त्या पैशाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा आणि ठरलेल्या तारखेपर्यंत खर्च न झालेली रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत भरावी, असेही त्यात होते. कायदा करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. सवलतीला मुदत घालावीच लागते. लोकांच्या मनातील करुणेची मुदत मात्र कोणत्याही राजपत्रात छापलेली नसते, आणि ती बहुधा त्याहूनही आधी संपते.

त्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची भूमी हादरली. तीव्रता ७.७ होती. सरकारी नोंदीप्रमाणे १३,८०० हून अधिक माणसे गेली. भुज, अंजार, भचाऊ आणि रापर ही चार गावे एकाच वेळी कोसळली. मुंबईतल्या धान्यबाजारात पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालविणाऱ्या कच्छी कुटुंबांना वार्ता आली ती थेट आपल्या देशावरची. देशभरातून धान्य, ब्लँकेट, औषधे, तंबू निघाले. कपडे तर इतके आले की त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्याच्या घरातील अडगळही त्या गठ्ठ्यांत गेली होती, हे नाकारून चालणार नाही. पण हेतू वाईट नव्हता. मन भरून आले होते आणि हात रिकामे व्हायला अधीर होते.

मग सप्टेंबर आला. अमेरिकेवर हल्ला झाला, अफगाणिस्तानात युद्ध पेटले. डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला. फेब्रुवारी २००२ मध्ये गुजरातच दंगलींनी होरपळले. वर्तमानपत्रांतील भुजचा स्तंभ आखडत गेला. अर्थसंकल्पातही याची खूण दिसते. २००१-०२ मध्ये प्राप्तिकरावरील इतर अधिभार काढून भूकंपासाठीचा २ टक्के तेवढा ठेवला होता. पुढच्या वर्षी ५ टक्के अधिभार बसला तो देशाच्या सुरक्षेसाठी. करदात्याने दोन्ही मुकाट्याने भरले. कोणता कशासाठी होता, हे आज किती जणांना आठवेल?

भुजचे खरे काम याच वेळी सुरू होत होते. कोटाच्या आतील जुने शहर म्हणजे अरुंद गल्ल्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. पुन्हा तसेच बांधले तर पुढच्या भूकंपात सुटकेला वाट राहणार नाही, म्हणून नगररचनेचे नकाशे आखले गेले. रुंद रस्त्यांसाठी जागा हवी होती. लहान भूखंडांना झळ कमी आणि मोठ्यांना अधिक, असे कपातीचे प्रमाण ठरले. कोटाबाहेर नव्या वसाहती आखल्या. हा विचार शहाणपणाचाच होता. पण शहाणपणाला वेळ लागतो. मोजणी, हरकती, मालकीचे कागद, वारसांच्या सह्या या सगळ्यांत महिने गेले आणि तोवर माणसे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. ज्याचा सातबारा किंवा दस्तऐवज ढिगाऱ्याखाली गेला, त्याला आधी आपले घर आपलेच होते हे सिद्ध करायचे होते. भाडेकरूंची स्थिती त्याहून कठीण. भरपाई घराच्या मालकाची. भाडेकरूच्या नावावर पडण्यासारखी भिंतच नव्हती. घरे उभी राहिल्यावरही असे कित्येक जण निवाऱ्यांतच उरले.

थकवा येतो तो इथे. धान्याची गोणी एका दिवसात पोचते. मोजणीच्या हरकतीला कोण देणगी देणार? शाळेच्या इमारतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसते. पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसाला मात्र लघवीची नळी, शय्याव्रणांची मलमपट्टी आणि कूस बदलणारा माणूस जन्मभर लागतो. त्या खर्चाचे उद्घाटन होत नाही. व्यापाऱ्याला भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतला फरक सांगावा लागत नाही. गिरणी उभारून कोळशाची तरतूद न करणाऱ्याला तो हसेल. दानाच्या खतावणीत मात्र तोच ही चूक बिनदिक्कत करतो.

थकवा घेणाऱ्यालाही येतो. ज्या पेढीवरून काल पांजरपोळाला वर्गणी जात होती, त्याच पेढीच्या मालकाने रांगेत उभे राहून कुपन घ्यायचे! एकदा तो घेतो. दुसऱ्यांदा आपली कथा सांगताना समोरच्याच्या डोळ्यांतला कंटाळा त्याला दिसतो, आणि तो बोलणेच सोडतो. त्याच्या मौनाचा अर्थ ‘आता ठीक आहे’ असा सोयीस्करपणे लावला जातो. पुढे ३१ जुलै २००१ नंतरच्या उत्पादन शुल्काच्या सवलतीमुळे कच्छमध्ये कारखाने आले, रस्ते झाले, आणि ‘कच्छ उभे राहिले’ हे वाक्य रूढ झाले. ते खोटे नाही. पण कारखान्याच्या धुराड्याआड लुळा पडलेला माणूस दिसत नाही.

याला वैराग्याचे नाव देणारेही भेटतात. ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हटले की वर्गणी वाचते. मैत्री, प्रमोद, करुणा, माध्यस्थ्य या चार भावनांतील शेवटचीचा वेष कंटाळ्याला फार चांगला बसतो.

कच्छच्याच भद्रेश्वरचा जगडूशा तेराव्या शतकातला. सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरिता’नुसार विक्रम संवत १३१२ पासून सलग तीन वर्षे दुष्काळ पडला. जगडूशाने आधीच धान्य साठवले होते, आणि राजाने कोठारे उघडविली तेव्हा आत ताम्रपट निघाला: हे कण गरिबांचे. कथेत चमत्काराचा भाग असेल, तो सोडून द्यावा. व्यापाऱ्याने पाहण्यासारखे इतकेच की साठा तिसऱ्या वर्षापर्यंत पुरला, कारण त्यावरचे नाव पहिला दाणा वाटण्यापूर्वीच बदललेले होते. दरवर्षी नव्याने मन द्रवण्याची वाट पाहावी लागली नाही.

अंजारला त्या प्रजासत्ताकदिनी शाळेची मुले प्रभातफेरीत अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. सुमारे २०० विद्यार्थी व शिक्षक गेले. त्यांचे स्मारक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकार्पण झाले, एकवीस वर्षांनी. मधल्या प्रत्येक वर्षी तिथल्या आईबापांना झेंडावंदन आणि मुलाची तिथी एकाच सकाळी गाठत होती.