चार नंबरचा एप्रिल

९ एप्रिल २०२४, डब्लिन
पाडवा. गुढी नाही, जळीत युनिटात रात्रपाळी. चार नंबरला नवे आजोबा, वय ६८. चिप्सची कढई पेटली, त्यांनी वरून पाणी ओतलं. छाती, मान, दोन्ही हात. २८ टक्के भाजलेलं. नाकातले केस करपलेले.

१० एप्रिल
६८ अधिक २८. पॅरिसच्या बो यांची १९६१ सालची बेरीज. धुराचे १७ नंतरच्यांनी जोडले. झाले ११३. तेव्हा शंभरापुढं कुणी फारशी आशा धरत नसे. आता धरतात. त्यांच्या मुलीला आकडा सांगितला नाही.

१२ एप्रिल
ताप ३९.१, नाडी १२४. भाजलेल्याचं अंग तापलेलंच असतं. तापावरून काही ठरवता येत नाही, हीच पंचाईत.

१३ एप्रिल
नळीतून दिलेलं पोटात ठरेना. साखर एकदम चढली. प्लेटलेट निम्म्यावर. हे मात्र नेहमीचं नाही. पहाटे कल्चरच्या बाटल्या पाठवल्या. एक जोडी पायातून, एक मानेच्या लाइनमधून.

१४ एप्रिल
लॅबचा फोन. ग्रॅम निगेटिव्ह. लाइन काढली, दुसरीकडे नवी घातली. मेरोपेनेम सुरू. बीपी नॉरअ‍ॅडवर कसंबसं टिकलंय.

१५ एप्रिल
ड्रेसिंग सोडलं. गॉजवर हिरवट निळं. वास गोडसर, पिकून फुटलेल्या द्राक्षांचा. ऐरोलीच्या जळीत वॉर्डात शिकलेला वास. लॅबनं दुपारी नाव दिलं: स्यूडोमोनास.

१६ एप्रिल
मुलगी विचारते, आग तर तेव्हाच विझली ना? मग आज का खालावले?
कातडीच नाही, जंतूला अडवणार कोण. एवढंच सांगितलं.
आईचा फोन. "वाचतील का गं म्हातारबाबा?" माहीत नाही म्हटलं. ऐरोलीला बहुतेक बाया यायच्या, विशी-पंचविशीच्या. कागदावर 'स्टोव्हचा भडका'. आईनं त्यांचं कधी विचारलं नव्हतं. मीही सांगत नसे.

१७ एप्रिल
सिंकच्या नळीतून स्वॅब घेतले. हा जंतू ओलीतच राहतो. अंग पुसलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, पुन्हा सगळ्यांना बजावलं.

१८ एप्रिल
स्टारडस्टचा निकाल. १९८१, व्हॅलेंटाइनची रात्र, आर्टेनच्या नाचघराला आग, ४८ जीव. ज्यूरी म्हणाली, बेकायदेशीर हत्या. ४३ वर्षांनी! चहावाल्या बाई गाडी सोडून रेडिओपाशी उभ्या. जळिताचं युनिट तेव्हा डॉ. स्टीव्हन्स हॉस्पिटलमध्ये होतं. आता तिथं आरोग्यसेवेचं मुख्य ऑफिस. लुआसमधून जाता-येता दिसतं. वाचलेल्यांचं रेडिओवर फारसं काही नव्हतं.

१९ एप्रिल
ऑपरेशन. मेलेली कातडी काढली, मांडीची लावली. रक्ताच्या चार पिशव्या.

२१ एप्रिल
नॉरअ‍ॅड बंद. लघवी ताशी ६०.

२३ एप्रिल
नंतरची कल्चर पाचव्या दिवशीही निगेटिव्ह. छातीवरची कातडी धरली, डाव्या हाताची नाही. गुरुवारी पुन्हा थिएटर.
टीव्हीवर पंतप्रधान स्टारडस्टच्या कुटुंबांची माफी मागत होते. आजोबांनी आवाज वाढवायची खूण केली.
सहा नंबरची साखर चढलीय. बाटल्या पाठवल्या.